बाबांचे अभंग घरी रेकॉर्ड करायचेत, ऑडिओ इंटरफेस दोन माइकचा घेऊ की चारचा?

मिरजेची_लेक
नमस्कार मंडळी. माझे बाबा ७३ वर्षांचे, भजनी मंडळात गातात, पेटी स्वतःच वाजवतात, तबल्याला आमचे काका आणि अधूनमधून टाळाला एकजण. आत्तापर्यंतचं सगळं मोबाइलवर केलेलं आहे, त्यात डग्गा नुसता ठप ठप येतो, घुमारा नाहीच, आणि बाबांनी तार सप्तकात आवाज लावला की मोबाइल आपणहून आवाज दाबतो आणि मग हळूहळू परत वर आणतो, ऐकताना जीव तुटतो अगदी. दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस घरी आहे, तेवढ्यात निदान २० अभंग नीट करून ठेवायचेत. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडायचं खोकं) १५ हजारांपर्यंत, माइकचे पैसे वेगळे ठेवलेत. दुकानात म्हणाले गाणं, पेटी, तबला, डग्गा म्हणजे चार माइक, तर चार इनपुटचाच घ्या. एकजण म्हणतो १९२ किलोहर्ट्झवाला बघ. मला यातलं फार कळत नाही, काय घेऊ?

डग्ग्याची_गादी
ताई, आधी माणसं कशी बसतात ते बघा, मग खोकं. बाबा स्वतः पेटी वाजवत गातात म्हणजे तोंड आणि पेटी यात दीड-दोन फुटांचं अंतर. गाण्याच्या माइकात पेटी येणारच, वेगळा माइक लावला तरी येणारच, उलट दोन माइकांत तोच सूर किंचित पुढेमागे पोचला की आवाज पोकळ होतो. म्हणून त्या दोघांना एकच माइक द्या, तोंडापासून वीतभर, थोडा खाली झुकवून. पेटी जास्त वाटली तर माइक वर घ्या, कमी वाटली तर खाली, तेच तुमचं मिक्सिंग. दुसरा माइक तबला-डग्ग्याच्या मधोमध, फूट-दीड फूट वरून. झालं, दोन माइक.

आणि काकांना बाबांच्या शेजारी बसवू नका, समोर बसवा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या माइकला पाठीकडून सगळ्यात कमी ऐकू येतं, समोरासमोर बसले की दोन्ही माइकांची पाठ आपोआप समोरच्याकडे जाते आणि तबला गाण्यात कमी सांडतो. शिवाय एकमेकांचे चेहरे दिसतात, अभंगात सम कुठे येते ते डोळ्यांनीच तर ठरतं. कृपा करून आधी गाणं मग वेगळा तबला असं करू नका, बाबा ओळ जरा लांबवतात तेव्हा काका थांबतात ना, तेच तर जपायचंय.

फोकसराइट स्कार्लेट २आय२ किंवा मोटू एम२, दोन्हीत माइकची दोन खरी प्रीअँप (माइकचा बारीक आवाज मोठा करणारी) आहेत, जो बजेटात बसेल तो घ्या. स्कार्लेट सोलो घेऊ नका, त्यात माइक एकच लागतो, दुसरं इनपुट गिटार नाहीतर लाइनचं.

घरचा_स्टुडिओ
वरच्यांशी अर्धाच सहमत. दोन माइक पुरतात हे खरं, पण एकदा रेकॉर्ड झाल्यावर डग्गा कमी आणि चाट (तबल्याच्या कडेचा ठोका) जास्त असं निघालं तर काय करणार? आठ दिवस आहेत, बाबा ७३ चे, रोज रोज तोच अभंग परत गा म्हणता येणार नाही. मी आईच्या ओव्या केल्या तेव्हा एकाच माइकवर जात्याची घरघर आणि तिचा आवाज आला, आता कितीही खटपट केली तरी सुटे होत नाहीत. तेव्हापासून मी म्हणतो एखादं इनपुट जास्तच असावं.

पण चार इनपुट म्हणजे चार माइक असं मात्र समजू नका, यात बरेच जण फसतात. स्कार्लेट ४आय४ आणि मोटू एम४, नावात चार असले तरी माइकची प्रीअँप दोघांत दोनच, बाकीची दोन इनपुटं मागच्या बाजूला लाइनची, कीबोर्ड वगैरेसाठी. तिथे माइक चालत नाही, कंडेन्सर जातीच्या माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवरही मिळत नाही. खरे चार माइक हवेत तर बेहरिंगर यूएमसी४०४एचडी बघा, चारही प्रीअँप आहेत, फक्त त्याला वेगळा अॅडॉप्टर लागतो. दुकानात एकच विचारा, कंडेन्सर माइक एका वेळी किती जोडता येतील?

रात्रपाळी
१९२ किलोहर्ट्झ विसरा ताई. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) ठेवा, यूट्यूबला टाकायचं झालं तरी तेच चालतं. त्या हिशेबाने एका माइकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी, म्हणजे दोन माइक आणि दहा मिनिटांचा अभंग पावणेदोनशे एमबीच्या आत, तुमच्या लॅपटॉपला काहीच जड नाही. २४ बिटचा खरा फायदा असा की आवाज कमी घेतला तरी चालतो. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) असा लावा की बाबांचा सगळ्यात मोठा सूरसुद्धा मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल, शून्याला टेकला की फाटला, मग तो परत येत नाही. आणि गेन लावताना बाबांना हळू गुणगुणायला सांगू नका, सगळ्यात चढी ओळ गाऊन घ्या. स्कार्लेटच्या चौथ्या पिढीच्या २आय२ मध्ये ऑटो गेन आहे, दहा सेकंद ऐकून स्वतः लावतं, सोयीचं आहे, पण त्यानंतर हाताने अजून थोडा खाली आणा कारण माणूस रंगात आला की जास्तच गातो. त्यातलंच क्लिप सेफ मात्र बंद ठेवा, ते गाण्याच्या मध्येच गेन खाली आणतं, मोबाइलवर तुम्हाला तोच तर त्रास होता.

टाळ! टाळ कंडेन्सरपासून जितका लांब तितका बरा, त्याचा ठोका क्षणात वर जातो आणि मीटरवर नीट दिसतही नाही. टाळकऱ्यांना दाराजवळ बसवा, दोन्ही माइकांत पुरेसे येतील.

विंडोजवर कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (इंटरफेस लॅपटॉपशी नीट जोडणारं सॉफ्टवेअर) टाका. मी एकदा जुना वापरलेला इंटरफेस स्वस्तात घेतला, त्याचा नव्या विंडोजसाठी ड्रायव्हरच नव्हता, दर तीन-चार मिनिटांनी टक टक असा आवाज यायचा, गुरुजींची एक अख्खी बैठक त्यात गेली, अजून वाईट वाटतं. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर आहे का बघाच. हेडफोनवर ऐकायला डायरेक्ट मॉनिटरिंग (लॅपटॉपमधून न जाता थेट इंटरफेसमधून ऐकणं) वापरा म्हणजे उशीर जाणवत नाही, बफर (लॅपटॉप एका वेळी किती नमुने हाताळतो तो आकडा) ५१२ ठेवला तरी चालतं.

मिरजेची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी शेजारच्या मुलाकडून त्याचा दोन माइकचा इंटरफेस आणि दोन कंडेन्सर मागून आणले आणि सांगितलंत तसं समोरासमोर बसवलं. पहिल्यांदा सतत घूंऽऽ असा आवाज येत होता, लॅपटॉपचा चार्जर काढला तर बंद! मग फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, आणि काकांच्या मागच्या भिंतीवर आजीची वाकळ टांगली. बाबांचा माइक चार बोटं वर घेतल्यावर पेटी मागे गेली आणि शब्द पुढे आले, आणि डग्ग्याची मींड (घसरत जाणारा सूर) मला पहिल्यांदाच ऐकू आली. बाबांनी हेडफोन लावून ऐकलं, काही बोलले नाहीत, परत लाव म्हणाले, तीनदा ऐकलं.

तर दोन माइकचाच घेते, उरलेल्या पैशात चांगले स्टँड. घरचा_स्टुडिओ, तुमची काळजी पटली म्हणून प्रत्येक अभंगाआधी एक मिनिट करून ऐकायचं आणि मगच पूर्ण गायचं असं ठरवलंय. एकच अडचण राहिली, पेटीचा भाता आलापात जाणवतो, फस्स फस्स असा. काय करता येईल?

डग्ग्याची_गादी
भाता काकांच्या बाजूला उघडतो ना, मग काकांचा माइकच तो ऐकत असणार. काकांना फूटभर मागे सरकवा आणि त्यांचा माइक तबल्यावर अजून खाली आणा. आणि पेटी जाड सतरंजीवर ठेवा, फरशीवर नको. तरीही आला तर भात्याची चामडी एकदा पेटीवाल्याला दाखवा, मिरजेत आहात, चांगला कारागीर मिळायला वेळ लागणार नाही. दिवाळीच्या आधी जा मात्र.