ब्यालाख ना बा ते टॉरिडन: सामानासह एका दिवसात जमेल का?

प्रश्न: पसरणीकर

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्याच्या अखेरीस मी आणि माझी पत्नी स्कॉटलंडच्या वायव्य डोंगराळ भागात दहा दिवस सायकलने फिरणार आहोत. त्यातील एका दिवसाबद्दल मनात शंका आहे. आदल्या संध्याकाळी इन्व्हर्नेसहून रेल्वेने स्ट्रॅथकॅरनला उतरून लॉखकॅरन गावी मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी ब्यालाख ना बा ही प्रसिद्ध खिंड चढून अ‍ॅपलक्रॉसला उतरायचे, तेथून किनाऱ्याच्या रस्त्याने शील्डेग आणि पुढे टॉरिडन गाठायचे, असा बेत आहे. एकूण अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते.

आम्ही पुण्याचे असल्याने सिंहगड अनेकदा चढलो आहोत, मात्र सामानाशिवाय. पसरणीचा घाट सामानासह दोनदा झाला आहे. प्रत्येकी सुमारे १५ किलो सामान असेल. पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी ३२ दात्यांची आहे. खिंडीत काही ठिकाणी २० टक्के चढ असल्याचे वाचल्यापासून पत्नीने हा दिवसच वगळावा असा आग्रह धरला आहे. ज्यांनी हा रस्ता केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: उत्तरवारा

मी एडिंबरात राहतो आणि हाच दिवस याच दिशेने, तंबूसह, जूनमध्ये केलेला आहे. आधी खिंडीविषयी सांगतो, कारण तिची भीती सर्वांना वाटते आणि माझ्या मते ती थोडी अस्थानी आहे.

टॉर्नाप्रेसपाशी, जवळजवळ समुद्रसपाटीवरून, हा चढ सुरू होतो आणि नऊ किलोमीटरमध्ये ६२६ मीटरवर पोहोचतो. म्हणजे उंची आणि लांबी या दोन्ही बाबतींत तो तुमच्या सिंहगडाच्याच जातीचा आहे. सुरुवातीचा भाग किशॉर्नच्या खाडीकडेने हळूहळू वर जातो. खाली जी गोदी दिसते तिथे १९७० च्या दशकात उत्तर समुद्रातील तेलविहिरींसाठी प्रचंड फलाट बांधले जात असत. दम खायला थांबण्यासाठी हे निमित्त चांगले आहे. त्यानंतर रस्ता दोन कड्यांमधल्या दरीत शिरतो आणि सरळ, निर्दयपणे वर चढू लागतो. सर्वांत उभा भाग हाच, छायाचित्रांत दिसणारी नागमोडी वळणे नव्हेत. वळणांपर्यंत पोहोचलात की उलट थोडी उसंत मिळते. १८२२ साली बांधलेल्या या रस्त्याच्या नावाचा गेलिक अर्थ ‘गुरांची खिंड’ असा आहे. अ‍ॅपलक्रॉसची गुरे याच वाटेने बाजाराला नेली जात. चढताना आपणही त्यातलेच एक आहोत असे मला वारंवार वाटले.

माथ्यावर हवा स्वच्छ असेल तर रासे बेट आणि त्यामागे स्कायचे डोंगर दिसतात. मला ढगाखेरीज काहीही दिसले नाही.

आता खरा मुद्दा. अ‍ॅपलक्रॉसला दुपारी पोहोचून, पोटभर जेवून, ‘आता फक्त किनारा उरला’ अशा समजुतीत मी निघालो आणि तिथेच फसलो. शील्डेगपर्यंतचे ते सुमारे ४० किलोमीटर नकाशावर समुद्राला चिकटून जातात, म्हणून सपाट वाटतात. प्रत्यक्षात रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरतो आणि लगेच तेवढाच वर चढतो. एकही चढ लक्षात ठेवण्याजोगा मोठा नाही, पण थकलेल्या पायांना नेमके तेच जड जाते, कारण संपले असे वाटावे असा माथाच कुठे येत नाही. फर्नमोरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा पाठीशी होता, तोवर माझी ऐट कायम होती. तिथे रस्ता आग्नेयेकडे वळतो आणि तोच वारा अंगावर येऊ लागतो. दिवसभरात माझ्या यंत्राने जी सुमारे दीड हजार मीटर चढाई नोंदवली, तिचा अर्ध्याहून अधिक भाग खिंडीच्या बाहेरचा होता. त्यामुळे काळजी करायची तर दुपारची करा. अ‍ॅपलक्रॉस सोडताना शील्डेगपर्यंतचे खाणे पिशवीत असलेच पाहिजे.

उत्तर: जुनी साखळी

वरील प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, पण खिंड इतकी हलक्याने घेणे मला पटत नाही. ३४ ला ३२ हे गिअर या चढासाठी जड आहे. पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर त्या गिअरमध्ये वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास पडतो, आणि माणूस, सायकल व सामान मिळून ९५ किलो वजन २० टक्के चढावर त्या वेगाने ओढायला ४०० वॉटच्या घरात ताकद लागते. ती हौशी माणसाकडे फार वेळ टिकत नाही. पुढे तीन चकत्या असलेली, त्यांतली सर्वांत लहान २२ किंवा २६ दात्यांची अशी जोडणी मिळाली तर उत्तम. नाहीतर ते दोन-तीन तुकडे उतरून ढकलत जावेत, त्यात कमीपणा नाही.

उताराबाबत अधिक गंभीरपणे सांगतो. माथ्यावर घामाने भिजलेले अंग वाऱ्यात काही मिनिटांत गार पडते आणि पुढचा लांब उतार बधिर बोटांनी ब्रेक दाबत करावा लागतो. पावसात रिम ब्रेक असतील तर चाकाची कड आधी पुसली जाईपर्यंत ते पकडतच नाहीत. उतरण्यापूर्वी कोरडा सदरा, जाड हातमोजे आणि वाऱ्याचे जाकीट घालावे. रस्त्यावर मेंढ्या असतात, आणि गुरे अडवण्यासाठी बसवलेल्या आडव्या लोखंडी सळ्यांच्या जाळ्या ओल्या असताना काटकोनातच ओलांडाव्यात.

उत्तर: कोकणकडा

दोन व्यावहारिक गोष्टी. इन्व्हर्नेसहून स्ट्रॅथकॅरनमार्गे काइलकडे जाणाऱ्या गाड्यांत सायकलींसाठी जागा फार थोडी असते, त्यामुळे दोन्ही सायकलींचे आरक्षण तिकिटासोबतच करावे. दुसरे म्हणजे हा बराचसा रस्ता एकेरी रुंदीचा आहे. समोरून वाहन आले आणि बाजू देण्याची जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरावे. ती उजवीकडे असेल तर तिच्यासमोर डावीकडेच थांबावे. मागे गाडी रेंगाळत असेल तर तिलाही वाट द्यावी. चढावर लय मोडते हे खरे, पण तिथले लोक हात उंचावून आभार मानतात आणि तेवढ्याने बरे वाटते.

हवा फारच बिघडली तर टॉर्नाप्रेसहून खिंडीत न जाता मुख्य रस्त्याने थेट शील्डेग गाठता येते. हा निर्णय टॉर्नाप्रेसलाच घ्यावा. अर्ध्या चढावर तो घेणे जिवावर येते.

पसरणीकर

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा पत्नीला वाचायला दिला. तिचे म्हणणे असे की खिंड तिला मान्य आहे, पण दुपारचा किनारा त्याच दिवशी नको. तेव्हा अ‍ॅपलक्रॉसला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी शील्डेग आणि टॉरिडन करावे असे ठरत आहे. मागची कॅसेटही, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बदलून घेतो. मे अखेरीस तिथल्या चिलटांचा, ज्यांना मिज म्हणतात त्यांचा, त्रास कितपत असतो?

उत्तरवारा

हा बदल उत्तम आहे. मीही पुन्हा गेलो तर असेच करीन. मिज मे अखेरीस नुकतेच सुरू होतात, जुलै-ऑगस्टइतका उपद्रव नसतो. थोडा वारा असला तरी ते उडू शकत नाहीत, म्हणून तंबू आडोशाला न लावता वाऱ्याच्या तोंडी लावावा आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी जवळ ठेवावी. उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घाई करू नका. टॉरिडनला लवकर पोहोचलात आणि पायांत बळ उरले असेल, तर लिआख डोंगराच्या पायथ्याने किनलॉख्यू गावापर्यंत आणखी सोळा-सतरा किलोमीटर जा. त्या दरीत नैर्ऋत्येचा वारा पुन्हा पाठीशी येतो.