आईच्या आंघोळीचं पाणी: गीझरचं तापमान मोबाईलवर दिसेल आणि वेळेवर बंद होईल अशी सोय कशी करू?

वडगाव_फिटर

नमस्कार मंडळी. राहायला बेळगावातलं वडगाव, कामाला इथल्याच उद्यमबागेत, मशीन शॉपच्या मेंटेनन्सला.

आई ७४ वर्षांची. साखर जुनी आहे, तळपायांना आता गरम-गार कळत नाही. परसात तांब्याचा बंब होता तोवर मला काळजी नव्हती. बंबातलं कढत पाणी घंगाळात घ्यायचं, विसण घालायचं, हाताने ढवळून बघायचं, ही तिची चाळीस वर्षांची सवय. गेल्या वर्षी घराची दुरुस्ती काढली तेव्हा बंब गेला आणि न्हाणीत २५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर आला. बसवणाऱ्याने खालची तापमानाची कळ शेवटपर्यंत फिरवून ठेवली होती. मीही बघितलं नाही, ते माझं चुकलं.

मागच्या सोमवारी आईने पाय धुताना नळ थेट पावलावर सोडला. ओरडली नाही, कारण जाणवलंच नाही. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा अंगठ्याच्या मागे रुपयाएवढा फोड होता आणि ती विचारत होती, "हे काय चावलं रे मला?" डॉक्टरांनी ड्रेसिंग दिलंय, भरतंय हळूहळू.

मी साडेसहाला घर सोडतो, ती आठला आंघोळ करते. त्या वेळी घरी दुसरं कुणी नसतं. मला हवंय ते असं: टाकीतलं पाणी किती तापलंय ते कामावरून दिसावं, सातला गीझर आपोआप चालू व्हावा, ५० वर बंद व्हावा. १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावून भागेल का? सेन्सर कुठे बसवायचा? आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा जाते-येते, तेव्हा काय होईल?

बिलाचंही थोडं आहे. गृहज्योतीची (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) आमची मर्यादा २०२२-२३ च्या सरासरीवर ठरली, त्या वर्षी घरात बंब होता. त्यामुळे आता गीझरचे वरचे युनिट पैसे भरूनच जातात. पण मुख्य काळजी पायाची.

शहापूर_वायरमन

दादा, आधी आईंच्या पायाला आराम पडू दे.

२००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. १६ चा चांगला प्लग हे ओढतो. पण गीझर अर्धा-अर्धा तास सलग ओढतो, त्यात सॉकेट ढिलं असेल तर पीन तापते. मी असे काळे पडलेले सॉकेट बरेच बदललेत. वास यायला लागतो तोवर आतलं प्लॅस्टिक वितळलेलं असतं. म्हणून माझा सल्ला असा की न्हाणीबाहेर छोटी पेटी लावा, तिच्यात दोन पोलचा २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर बसवा, म्हणजे छोट्या कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच. गीझरचा करंट कॉन्टॅक्टर तोडेल, स्मार्ट रिलेने फक्त त्याची कॉइल ओढायची. बाजारात निळ्या रंगाचे छोटे रिले मिळतात, वर १० अँपिअर लिहिलेलं असतं, ते गीझरला थेट लावू नका.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच, आहे का बघा. अर्थिंग मोजून घ्या, नुसती हिरवी वायर दिसली म्हणून विश्वास ठेवू नका. आणि गीझरच्या आतला थर्मोस्टॅट, जास्त तापल्यावर उडणारा कटआउट आणि प्रेशरचा व्हॉल्व्ह, या तिघांना हात लावायचा नाही. तुमची स्मार्ट सोय त्यांच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला. ती बिघडली तरी गीझरने स्वतःहून थांबलं पाहिजे.

निपाणी_इलेक्ट्रॉनिक्स

वायरमन दादांचं सगळं पटतं. माझ्या घरी दोन वर्षं असंच चालतंय, म्हणून सेन्सरचं सांगतो.

स्मार्ट प्लगला पाण्याचं तापमान कळत नाही. मात्र वॅट दाखवणारा प्लग असेल तर एक गोष्ट फुकटात कळते. चालू असताना २००० वॅट दिसतात आणि आतल्या थर्मोस्टॅटने सप्लाय तोडला की शून्य. शून्य दिसलं की पाणी कळीवर लावलेल्या तापमानाला आलं. पुष्कळांना एवढं पुरतं.

आकडा हवा असेल तर डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या नळीतला, वॉटरप्रूफ. ईएसपी३२ ला, म्हणजे वायफाय असलेल्या, प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडायचा, डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. अचूकता अर्ध्या अंशाची. दोन खोटे आकडे ओळखून ठेवा. सेन्सर नुकताच चालू झाला की ८५ दाखवतो आणि वायर सुटली की प्रोग्राममध्ये उणे १२७ येतं. माझा पहिला प्रोग्राम उणे १२७ ला "पाणी गार आहे" समजून गीझर चालूच ठेवत होता. थर्मोस्टॅट होता म्हणून निभावलं. तेव्हा नियम असा लिहा: आकडा ५ च्या खाली किंवा ८० च्या वर गेला, की बंद. एक मिनिट नवा आकडा आला नाही, की बंद. लाईट येऊन बोर्ड पुन्हा सुरू झाला, की आधी बंदच. आणि काही झालं तरी सलग ५० मिनिटांच्या वर चालू नाही. हे सगळं बोर्डातच ठेवा, नेट गेलं तरी चाललं पाहिजे.

वेळेचा हिशोब सोपा आहे. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण १.१६ युनिट लागतात, २००० वॅटला पस्तीस मिनिटं. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याहून गार असतं, चार-पाच मिनिटं जास्त धरा.

जागा: उभ्या गीझरमध्ये गरम पाणी वर चढतं आणि वरूनच बाहेर जातं. खाली सेन्सर लावला तर वर ६० असताना तो ३५ सांगेल. मेन स्विच बंद करून बाहेरचं कव्हर काढा, वरच्या बाजूला फोम थोडा कोरून सेन्सर टाकीच्या पत्र्याला टेकवा, थर्मल पेस्ट लावा, फोम परत दाबा. निघणाऱ्या पाइपला बांधू नका, नळ सुरू असेल तेवढा वेळच तो खरं सांगतो. आणि गीझर वॉरंटीत असेल तर कव्हर काढण्याआधी विचार करा.

खानापूर_सिस्टर

मी नर्स आहे. दादा, तुमच्या प्रश्नातला ५० हा आकडा मला खटकला.

टाकीतलं पाणी ५० वर थांबवलं तरी आईंचा पाय सुरक्षित झाला असं नाही. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते. ५० ला काही मिनिटं लागतात, पण ज्यांना जाणवतच नाही त्या पाय काढून घेत नाहीत, मिनिटं आरामात जातात. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यांना आणखी कमी वेळ पुरतो. उलट बाजूने, टाकी कायम ४०-४५ वर ठेवणंही बरं नाही. लिजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ अंशांत वाढतात, म्हणून साठवलेलं पाणी ६० पर्यंत तापवावं असंच सांगतात.

म्हणून टाकी ६० ला ठेवा आणि नळाच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. तो स्वतः विसण घालतो. ४० वर लावला की नळाला ४० च्या आसपासच येतं आणि गार पाणी बंद पडलं तर चांगले व्हॉल्व्ह गरमही बंद करतात. घेताना किती प्रेशर लागतं ते विचारा. गच्चीची टाकी तीन मीटर वर असेल तर ०.३ बारच मिळतो, कमी प्रेशरचाच घ्या.

आणि आईंना सांगा, बादलीत आधी गार, मग गरम, आणि पायाने कधीच बघायचं नाही. कोपर बुडवून बघायचं. साखरेच्या माणसाची बोटंही बधिर असू शकतात.

वडगाव_फिटर

सिस्टर, तुमचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून बाहेर आलो. सगळा वेळ मी टाकीचाच विचार करत होतो. पाय नळाखाली असतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आईला कोपराचं सांगतो आजच.

वडगाव_फिटर

पाच आठवडे झाले, काय झालं ते लिहितो.

पेटी बसली, दोन पोलचा कॉन्टॅक्टर, आरसीसीबी नवी. अर्थिंग मोजलं तर न्हाणीच्या सॉकेटला ते नव्हतंच, वायर पेटीतच तुटलेली होती. या एका गोष्टीसाठी वायरमन दादांचे पाय धरावेत असं वाटलं.

सेन्सर वर बसवला. पहिल्या दिवशी बादलीत स्वयंपाकाचं थर्मामीटर धरून ताडून बघितलं. मोबाईलवर ५७, नळाला ६१. फोममुळे आणि पत्र्यामुळे तेवढा फरक राहतो म्हणून प्रोग्राममध्ये ४ अंश वाढवले. खालची कळ ६५ च्या आसपास आणून ठेवली, म्हणजे बोर्ड चुकला तर तिथे थांबेल. परवा रात्री लाईट तीनदा गेली. सकाळी सातला गीझर वेळेवर लागला आणि ७:३९ ला ६० वर बंद झाला.

मिक्सिंग व्हॉल्व्ह कमी प्रेशरचा मिळाला. धार बारीक येते, बादली भरायला आधीच्या दुप्पट वेळ लागतो. त्यावर आई दोन दिवस नाराज होती. मग मीच नळाखाली थर्मामीटर धरून तिला ४१ दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे विसण घालूनच येतंय होय." तेव्हापासून काही बोलली नाही. कोपर मात्र रोज बुडवते.

निपाणीवाले दादा, एक राहिलं. रोज फक्त सकाळी एकदाच तापवायचं असेल तर रविवारी मुलं आल्यावर दुसऱ्यांदा चालू करायला वेगळं बटण द्यावं म्हणतो, आईला दाबता येईल असं, भिंतीवर. ते बोर्डाच्या कुठल्या पिनला घेऊ?

निपाणी_इलेक्ट्रॉनिक्स

जीपीआयओ ३२ किंवा ३३ नंबरची पिन, आतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन वरच्या व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू करून. ३४ ते ३९ घेऊ नका, त्यांना पुलअप नसतो. बटणाची वायर २३० च्या वायरीपासून वेगळ्या पाइपमधून न्या. आणि बटण दाबलं तरी ५० मिनिटांचा नियम त्यालाही लागू ठेवा.