हेपरिनवर प्लेटलेट निम्म्याहून खाली, ४टी स्कोअर (हेपरिनमुळेच प्लेटलेट पडल्या असण्याची शक्यता मोजणारे गुण) तपासून द्याल का?

प्रश्न
बाई ६४ वर्षांच्या, वजन ५८ किलो, खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन. गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन ५,००० युनिट त्वचेखाली, दिवसातून दोनदा. आधी प्लेटलेट २,४०,०००. आज हेपरिनच्या सातव्या दिवशी ९८,०००. ताप, रक्तस्राव नाही. कालपासून डावी पोटरी सुजली आहे. पाचव्या दिवसापासून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक चालू. माझे गुण: घसरण १ (काउंट लाखाच्या जवळ आहे म्हणून), वेळ २, गुठळी ० (डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, झालेली नाही), इतर कारणं १. एकूण ४. हेपरिनच्याच जातीच्या एनॉक्सापरिनवर बदलू का?

उत्तर १
घसरणीला २ द्या. किती उरल्या यापेक्षा किती पडल्या ते महत्त्वाचं, आणि इथे ५९ टक्के पडल्या आहेत. ५० टक्क्यांहून जास्त घट आणि तळ २०,००० किंवा वर, की २. वेळेचे २ बरोबर, फक्त दिवस पहिल्या डोसपासून मोजलेत ना, ॲडमिशनपासून नाही? गेल्या महिन्यात अँजिओग्राफी किंवा डायलिसिस झालं होतं का तेही विचारा. तेव्हा हेपरिन मिळालं असेल तर काउंट पहिल्या चोवीस तासांतही कोसळतो.
सुजलेली पोटरी म्हणजे संशयित गुठळी, १ गुण. पिपरॅसिलिननेही प्लेटलेट पडतात, तो १ राहू द्या. झाले ६, म्हणजे हेपरिननेच पडल्याची दाट शक्यता. डॉपलर आजच करा, दोन्ही पायांचं.

उत्तर २
एनॉक्सापरिन अजिबात नको, हेपरिनमुळे तयार होऊन प्लेटलेट पाडणारी अँटिबॉडी त्यालाही धरते. हेपरिन सगळीकडून बंद म्हणजे लाइनचा फ्लशसुद्धा. इंजेक्शन थांबतं आणि सिस्टर सवयीने हेपरिन-सलाइनने लाइन धुतात, हे फार वेळा होतं. केसपेपरवर लाल अक्षरांत लिहा.
नुसतं थांबवूनही भागत नाही, गुठळ्यांचा धोका पुढे काही आठवडे राहतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) ३० च्या वर असेल तर हेपरिनऐवजी गुठळी रोखणारं फोंडापॅरिनक्स ७.५ मिग्रॅ रोज एकदा, ऑपरेशनची जागा कोरडी आहे ना हे सर्जनना विचारून. किडनी खराब असेल तर अर्गाट्रोबॅन. प्लेटलेट १,५०,००० होईपर्यंत वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) नको: गुठळी रोखणारं प्रोटीन सी आधी घटतं आणि बोटं काळी पडतात. रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवू नका.

उत्तर ३
स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) स्वतः बघा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत पेशी गोळा झाल्या तर मशीन खोटा कमी आकडा देतं. सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजा आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा. पीएफ४ अँटिबॉडी एलायझाचा (ती अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) नमुना आज पाठवा, पण रिपोर्टसाठी औषध अडवू नका. ओडी (त्या तपासणीचा आकडा) २ च्या वर आली तर निदान जवळपास पक्कं, ०.४ ते १ मध्ये पुष्कळ वेळा काहीच नसतं. म्हणूनच ३ किंवा कमी गुणांना ही तपासणी सहसा पाठवत नाहीत.

प्रश्नकर्ता
स्मिअरमध्ये गोळे नाहीत. डॉपलरमध्ये पॉप्लिटियल व्हेनमध्ये (गुडघ्यामागची शीर) गुठळी आहे, म्हणजे गुठळीचे २ आणि एकूण ७. क्लिअरन्स ६२. सर्जनशी बोलून फोंडापॅरिनक्स सुरू केलं, फ्लश साध्या सलाइनचा केला.