मदत हवी आहे : मॅन्युअलमधली सूचना ठाम हवी, पण खडूस नको

पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं मराठी मॅन्युअल लिहिते आहे. बँकेला पाठवायची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, 15 व्या अंकापुढचे अंक शून्य होतात आणि बँक फाइल परत पाठवते. 'डेटा' मेनूतून फाइल आणून रकाना 'टेक्स्ट' करा, हे चित्रांसह लिहिलंय. लाल चौकटही टाकून पाहिली. तरी तेच फोन. आता 'आधी वाचा, मग फोन करा' असं खरडायला हात शिवशिवतात. पण महिनाअखेरीच्या घाईतल्या क्लार्कला दटावणं मला पटत नाही. फाइलचा साचा बँकेचा, तो बदलता येणार नाही. अशी सूचना कुणी लिहिली असेल तर नेमके शब्द सांगाल का? आणि ती पायरीच्या आधी द्यावी की पायरीतच?