विषय: २७ फेब्रुवारीचे मतदान – सू लुकआउटहून की ब्रॅम्प्टनहून?

प्रेषक: अनघा
१८ फेब्रुवारी २०२५

सर्वांना नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाचा ऑनलाइन कार्यक्रम २७ तारखेला टोरांटोच्या वेळेने साडेसातला आहे आणि ओंटारिओ विधानसभेचे मतदानही त्याच दिवशी आहे. नागरिकत्व मिळाल्यानंतरचे हे माझे पहिलेच मतदान. सप्टेंबरपासून मी वायव्य ओंटारिओतल्या सू लुकआउट गावी भाड्याच्या घरात राहते, पण लायसन्सवर अजून टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनचाच पत्ता आहे. त्या दिवशी माझी ड्यूटी इथल्या वेळेने संध्याकाळी सातला सुटते. ब्रॅम्प्टनचे मत टपालाने पाठवावे, की इथेच द्यावे? टपाली मतासाठी अर्जाची मुदत शुक्रवारी, २१ ला संपते, म्हणून घाईने विचारते आहे.

अनघा

—

प्रेषक: शिरीष

अनघा, ब्रॅम्प्टनचेच पाठव. सू लुकआउट ज्यात येते त्या किवेटिनूंग मतदारसंघात २०१८ आणि २०२२, दोन्ही वेळा न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे सोल मामाक्वा निवडून आले, आणि या खेपेसही वेगळे काही होईल असे वाटत नाही. इकडे आपल्या माणसांची वस्ती मोठी आहे, उमेदवार आपल्या दारात येतात, त्यामुळे तुझ्या मताचा उपयोग इथे जास्त होईल.

शिरीष

—

प्रेषक: वसंतकाका

शिरीष, उपयोग कुठे जास्त, हा प्रश्नच नाही. मत राहत्या जागी द्यायचे असते. घर एकीकडे आणि शिक्षण दुसरीकडे असेल, तर दोहोंपैकी एक पत्ता निवडण्याची मुभा विद्यार्थ्यांना आहे, पण अनघाने ब्रॅम्प्टनची खोली सोडून सामानासकट मुक्काम हलवला आहे. तिचा मतदारसंघ किवेटिनूंगच.

अनघा, लायसन्सची चिंता करू नकोस. नाव आणि सध्याचा पत्ता दोन्ही असलेला कागद लागतो. भाडेकरार किंवा विजेचे बिल चालते, आणि मतदार यादीत नाव नसेल तर ते मतदान केंद्रावरही घालून घेता येते. टपालाच्या भरवशावर मात्र राहू नकोस, कारण मत २७ ला संध्याकाळी सहाच्या आत निवडणूक कार्यालयाच्या हाती पडावे लागते. आगाऊ मतदान २०, २१ आणि २२ ला आहे. तेही जमले नाही, तर २७ ला तुमच्याकडची केंद्रे रात्री आठपर्यंत उघडी असतात.

निकाल ठरलेला आहे, हे मला पटत नाही. हा मतदारसंघ २०१८ च्या निवडणुकीसाठी नव्याने आखला गेला. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ९४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढे. लोकसंख्या मात्र २०१६ च्या जनगणनेनुसार ३३ हजारांच्या आसपास, आणि त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक लोक मूलनिवासी. महाराष्ट्राला २८८ आमदार आहेत, या मुलखाला एक. पहिल्या निवडणुकीत सू लुकआउटचे महापौर लिबरल पक्षातर्फे उभे होते आणि लॅक स्यूल फर्स्ट नेशन या मूलनिवासी समाजाचे प्रमुख कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे. मामाक्वा धरून तिघेही तिथल्या मातीतले होते, आणि लढत पाणी, रस्ते, दवाखाना यांवर झाली.

कामानिमित्त मी त्या भागात बराच वावरलो आहे. सू लुकआउटच्या विमानतळावर लहान विमानात पिण्याच्या पाण्याचे खोके चढवत होते आणि शेजारच्या बाकावर एक आजी मांडीवर औषधांची पिशवी घेऊन परतीच्या विमानाची वाट पाहत होत्या, हे मी विसरलेलो नाही. पिकल लेक गावाच्या उत्तरेकडच्या बहुतेक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून रस्ता होतो, आणि हिवाळा उबदार निघाला की तोही जातो. नेस्कंटागा गावाला पाणी उकळूनच प्यावे, ही सूचना १९९५ पासून लागू आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या परिचारिकेने मत दुसरीकडे पाठवावे, हे मला योग्य वाटत नाही.

वसंत

—

प्रेषक: मुग्धा (सचिव)

कोणी कोणाला मत द्यावे, ही चर्चा या ईमेल यादीवर नको. आपली संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे आणि अशा संस्थेला कोणत्याही पक्षाची वा उमेदवाराची बाजू घेता येत नाही. मतदान कसे करावे, एवढे सांगायला हरकत नाही.

कार्यक्रम शनिवारी न्यावा, असे दोघांनी मला वेगळे कळवले आहे. भाषा दिन २७ लाच होईल. गेल्या वर्षी तारीख हलवली तेव्हा ज्येष्ठ सभासद किती नाराज झाले होते, ते सर्वांना ठाऊक आहे.

मुग्धा

—

प्रेषक: सुनीता

मुग्धाताई, तारीख हलवू नका, पण त्या संध्याकाळी पाच मिनिटे मला द्यावीत, ही विनंती. २८ मे २०२४ ला सोल मामाक्वा ओंटारिओ विधानसभेत स्वतःच्या अनिशिनिनीमोविन (ओजी-क्री) या मूलनिवासी भाषेत बोलले. इंग्रजी व फ्रेंचखेरीज अन्य भाषेतले भाषण दुभाष्यासह तिथे प्रथमच झाले, आणि ते ऐकायला त्यांच्या आई सभागृहात आल्या होत्या. त्या भाषेत त्यांनी सरकारला सू लुकआउटमधील वृद्धांच्या शुश्रूषागृहाबद्दल विचारले. हे सांगण्यात पक्षाचा प्रचार नाही, भाषा दिनाशी त्याचा थेट संबंध आहे.

शिरीष, मताच्या उपयोगाविषयी एक सांगते. २०२१ च्या केंद्रीय निवडणुकीत त्याच भागातल्या पिकांजिकम, पॉप्लर हिल आणि कॅट लेक या तीन वस्त्यांमध्ये मुख्य दिवशी मतदान केंद्रच नव्हते. शिकारीच्या हंगामामुळे तिथले मतदान आधी उरकले होते आणि ते ठाऊक नसलेल्यांचे मत राहून गेले. अनघाचे केंद्र गावात आहे, दारे उघडी आहेत. तिने तिथे जावे.

सुनीता

—

प्रेषक: शिरीष

राहत्या पत्त्याचा नियम काका सांगतात तसाच आहे, आज निवडणूक कार्यालयाला फोन करून विचारून घेतले. चुरशीबद्दल माझे मत कायम आहे, पण ते अनघाला लागू होत नाही.

शिरीष

—

प्रेषक: अनघा

सर्वांचे आभार. शनिवारी, २२ ला मला सुटी आहे. भाडेकरार आणि विजेचे बिल दोन्ही बरोबर नेईन आणि आगाऊ मतदान करून येईन. गावात प्रचाराचे फलक बर्फात निम्मे बुडाले आहेत, पण वॉर्डात सर्वांच्या तोंडी शुश्रूषागृहच आहे. खाटा वाढणार कधी, हे आमचे वृद्ध रुग्ण रोज विचारतात.

मुग्धाताई, २७ ला मी सातला सुटेन, तेव्हा तुमच्याकडे आठ वाजलेले असतील. माझे वाचन शेवटी ठेवता येईल का?

अनघा

—

प्रेषक: मुग्धा (सचिव)

अनघाचे वाचन सव्वाआठला ठेवले आहे. सुनीता, त्याआधीची पाच मिनिटे तुझी.

मुग्धा