लुमिया ७३० अजून ठणठणीत आहे, तरी अँड्रॉइडवर जावं का?

डिचोलीची बाय
२४ ऑक्टोबर २०१७

नमस्कार मंडळी. माझ्याकडे लुमिया ७३० हा विंडोजवर चालणारा फोन आहे आणि त्याला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगते, कारण "जुना झाला, टाक आणि नवा घे" म्हणणारे घरातच दोघे आहेत. तो सल्ला मला फुकट मिळतो.

प्रश्न वेगळा आहे. ८ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजचं काम बघणाऱ्या जो बेल्फिओरे यांनी ट्विटरवर सांगून टाकलं की विंडोज मोबाइलमधल्या चुका दुरुस्त करू, सुरक्षेची अपडेट देत राहू, पण नवीन सोयी आणि नवीन फोन यांवर आता भर नाही. ते स्वतःही अँड्रॉइड वापरतात म्हणे. बिल गेट्सनी तर गेल्याच महिन्यात तसं सांगितलं होतं.

मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि गावातल्या मंडळाची नाटकं बसवते. यंदा गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरायचा बेत आहे. माझी सगळी संहिता वननोट या मायक्रोसॉफ्टच्या नोंदवहीत असते. घरी लॅपटॉपवर एखादा प्रवेश कापला की संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात फोन उघडल्यावर तो कापलेलाच दिसतो. कोण कुठल्या विंगेतून येतो, दिवे कधी मंद करायचे, कोण कुठल्या वाक्याला हटकून अडतो, सगळं त्यातच. ज्या प्रवेशाची तालीम असेल त्याचं पान मी पहिल्या स्क्रीनवर टाइल (दाबला की उघडणारा चौकोन) करून ठेवते. एका हातात फोन मावतो, दुसरा हात पात्रांना ढकलायला मोकळा. साडेपाच इंची फोन घेऊन हे करून बघा!

तालमीचे फोटोही यावरच. पुढचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा आहे आणि इतका रुंद पकडतो की सगळी मंडळी एका सेल्फीत मावतात. परवा नरकासुराच्या रात्री काढलेले फोटो बघून आमचा प्रकाशयोजनेवाला गप्प झाला. तो सहसा गप्प होत नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या बँकेचं अ‍ॅप या फोनवर होतं, ते बंद झालं. पैसे पाठवायचं भीम गेल्या डिसेंबरात आलं ते अँड्रॉइडवर, मग आयफोनवर. गेल्या महिन्यात गूगलचं तसंच तेझ आलं, तेही त्या दोघांसाठीच. आमचे खजिनदार सध्या तेझवर इतके खूश आहेत की विचारू नका. एक माणूस जोडला की ५१ रुपये मिळतात, म्हणून वर्गणीपेक्षा माणसं गोळा करण्यातच त्यांचा वेळ जातो. मी मात्र बँकेच्या कामाला इंटरनेटशिवाय चालणारा *९९# दाबत बसते. आणखी एक म्हणजे जिओ. मंडळातली सगळी पोरं जिओवर, तालमीचे लांबलचक व्हिडिओ एकमेकांना पाठवतात. ७३० थ्रीजीपर्यंतच जातो आणि जिओचं जाळं फोरजीचंच, त्यामुळे तो दरवाजाही बंद.

अँड्रॉइड मला मनापासून आवडत नाही. नवऱ्याच्या फोनवर न मागता आलेली अ‍ॅपं आहेत, ती काढताही येत नाहीत, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी काहीतरी विकायला येतं. पण माझ्या आवडीवर फोन चालणार नाही हेही कळतं.

तर, आत्ताच सोडू की स्पर्धा संपेपर्यंत थांबू? आणि गेले तर कशावर? पंधरा हजारांच्या वर जायचं नाही.

म्हापशेकर मोबाइलवाला
२४ ऑक्टोबर २०१७

बाय, मालकच शेजारच्या हॉटेलात जेवायला लागला की गिऱ्हाइकाने काय ते समजावं.

माझ्याकडे दुरुस्तीला अजून लुमिया येतात, जास्त करून ५२० आणि ५३५. ५२० वाल्यांसाठी एक सूचना, कुणी वाचत असेल तर: व्हॉट्सअ‍ॅप ३१ डिसेंबरनंतर विंडोज फोन ८.० वर चालणार नाही. पण ५२० ला ८.१ घेता येतं. ते टाकून घ्या, म्हणजे फोन आत्ता फेकावा लागणार नाही. तुमच्या ७३० चा याच्याशी संबंध नाही, तुम्ही १० वर आहात.

विकायला मात्र आणू नका. जुन्या लुमियाला आता भावच नाही. घरात ठेवा, कामाला येईल.

वास्कोचा ९५०वाला
२५ ऑक्टोबर २०१७

मी अजून इथेच आहे आणि कुठेही जाणार नाही. बाय, तुम्हीही घाई करू नका. तुमचा ७३० आवृत्ती १६०७ वर अडकला असणार, कारण यंदाचं क्रिएटर्स अपडेट मोजक्याच फोनांना मिळालं. ९५०, ६५०, ५५०, ६४० वगैरे. ७३० त्यात नाही. पण १६०७ ला सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०१८ पर्यंत आहेत. म्हणजे स्पर्धा निवांत पार पडते.

नकाशे विसरलात? गोव्याचा नकाशा उतरवून ठेवला की सत्तरी तालुक्यात रेंज नसतानाही रस्ता सापडतो. आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या सरफेस फोनबद्दल जे ऐकू येतंय ते खरं निघालं तर आत्ता उडी मारणाऱ्यांना पस्तावावं लागेल.

पर्वरीचा कोडवाला
२५ ऑक्टोबर २०१७

वास्कोबाब, तुमच्या निष्ठेला नमस्कार, पण त्या अफवेवर कुणाला थांबवू नका.

यात कॅमेऱ्याचा किंवा टाइलींचा दोष नाही, हे मी अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. २०१० मध्ये विंडोज फोन ७ आला तेव्हा अ‍ॅप सिल्वरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत लिहायचं. २०१२ मध्ये ८ आला, आतला पायाच बदलला, आणि ७ वाल्या फोनांना ८ मिळालाच नाही. जे लुमिया ८०० किंवा ९०० घेऊन बसले होते त्यांच्या हाती ७.८ दिला. २०१४ मध्ये ८.१, पुन्हा नवी पद्धत. २०१५ मध्ये विंडोज १०, पुन्हा नवी. जिथे शंभरातले ऐंशी ग्राहक असतात तिथे माणूस दर दोन वर्षांनी नव्याने लिहितो, कुरकुरत का होईना. इथे बाजाराचे आकडे काढणाऱ्या गार्टनरच्या हिशेबाप्रमाणे २०१६ च्या पहिल्या तिमाहीत जगभर विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांत विंडोजचा वाटा ०.७ टक्के होता. बँकेतला माणूस हा आकडा बघतो आणि विंडोजचं अ‍ॅप सांभाळणाऱ्याला दुसऱ्या कामाला लावतो. त्यात राग धरण्यासारखं काही नाही.

गूगलने तर कधी मनावरच घेतलं नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः यूट्यूबचं अ‍ॅप बनवलं, ते गूगलने अडवलं. मग २०१५ मध्ये अँड्रॉइडची अ‍ॅपं विंडोज फोनवर आणायची अ‍ॅस्टोरिया नावाची योजना निघाली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत गुंडाळली. त्याच्या आधीच, जुलै २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या नोकियाच्या फोन व्यवसायापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकून ७,८०० नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं होतं. मला विचाराल तर निकाल त्या दिवशी लागला. बेल्फिओरेंनी परवा फक्त वाचून दाखवला.

पण बाय, तुमच्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट दिसली जी तुम्ही स्वतः मोजली नाहीत. तुमचं काम फोनमध्ये नाही, वननोटमध्ये आहे. वननोट अँड्रॉइडवर आहे, फुकट आहे, आणि पान होम स्क्रीनवर चिकटवायची सोयही आहे. टाइलसारखं हलणार नाही, एवढंच. फाइली ठेवायचं वनड्राइव्ह आहे. याच महिन्यात एज ब्राउझर आणि होम स्क्रीन मांडून देणारा मायक्रोसॉफ्ट लाँचर अँड्रॉइडसाठी आले. मायक्रोसॉफ्ट स्वतःचं सामान दुसऱ्याच्या घरी हलवतंय. तुम्ही त्यांना सोडत नाही, त्यांच्या मागून जाताय.

स्पर्धेआधी की नंतर, यावर माझं मत उलटं आहे. आधी जा. ऐन प्रयोगाच्या आठवड्यात एखादं अ‍ॅप बंद पडून धावपळ करण्यापेक्षा आत्ता, तालमी सैल असताना, हात बसवून घ्या.

डिचोलीची बाय
२५ ऑक्टोबर २०१७

कोडवालेबाब, शेवटून दुसरा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मी हेच सांगत होतो." त्याने यातलं एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं.

वास्कोबाब, नकाशाचं खरं आहे. वाळपईच्या पुढे मी त्याच्याच भरवशावर जाते. पण २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा आहे म्हणून बँकेचं अ‍ॅप काही परत येणार नाही. फोन सुरक्षित राहील आणि मी *९९# दाबतच राहीन.

तालमी सैल असताना बदलायचं, हे पटलं. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मी मंडळी आठवडाभर उगवतच नाहीत, हीच वेळ आहे. आता तीन गोष्टी सांगा: संपर्क कसे न्यायचे, व्हॉट्सअ‍ॅपमधल्या जुन्या गप्पांचं काय, आणि मराठी टायपिंग. मला रोज पानंच्या पानं मराठी लिहावी लागतात, रोमनमध्ये "mi yete" लिहिणाऱ्यांतली मी नव्हे.

मडगावचा प्रॉम्प्टर
२६ ऑक्टोबर २०१७

बाय, मीही मंडळवाला, म्हणून उत्तर देतो. नाव बघून कळलंच असेल.

संपर्क सोपे. फोनमधले संपर्क तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहेतच. लॅपटॉपवर आउटलूक डॉट कॉम उघडा, लोकांच्या यादीतून एक्सपोर्ट करा, सीएसव्ही फाइल मिळेल. ती गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट करा. नवीन फोनवर गूगल खातं घातलं की सगळे हजर. सिमवर कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, लांब नावं कापली जातात आणि मग "सुनील ने" म्हणजे नेपथ्यवाला की नेरूळचा, हे कळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा विंडोजवरून अँड्रॉइडवर जात नाहीत. सरळ रस्ता नाही. जे संवाद राखायचे ते ईमेलने स्वतःला पाठवून ठेवा, निदान मजकूर तरी हाती राहतो. मंडळाच्या ग्रुपची काळजी नको, तो इतरांच्या फोनवर आहेच, हवं ते परत मागवा. फक्त क्रम पाळा: आधी ईमेल, मग नवीन फोनवर नंबर नोंदवणं. नंबर नव्या फोनवर नोंदला की जुन्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद होतं.

आणि मराठीबद्दल तर तुम्ही अँड्रॉइडवर आधीच यायला हवं होतं. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी आहे. ऑगस्टमध्ये गूगलने बोलून टाइप करायची सोय आठ भारतीय भाषांत वाढवली, त्यात मराठी आहे. मी आमच्या नाटकाचा एक अंक मोठ्याने वाचून उतरवून काढला, हाताने लिहिलेल्या जुन्या वहीवरून. विरामचिन्हं हाताने घालायची तयारी ठेवा. त्या आठांत कोकणी नाही, म्हणून पात्र कोकणी बोलत असेल तर ती वाक्यं टंकायचीच. पण स्वगतं! स्वगतं धडाधड उतरतात.

म्हापशेकर मोबाइलवाला
२६ ऑक्टोबर २०१७

कुठला घ्यायचा ते कुणीच सांगितलं नाही. पंधरा हजारांत, न मागता आलेली अ‍ॅपं नकोत म्हणता, म्हणजे दोनच नावं. शाओमीचा एमआय ए१, १४,९९९ ला, अँड्रॉइड वनवाला, म्हणजे गूगलचं साधं अँड्रॉइड, आत कचरा नाही, ४ जीबी रॅम. पण साडेपाच इंच. दुसरा नोकिया ५, बाजारात आला तेव्हा १२,८९९ होता, स्क्रीन ५.२ इंच, अँड्रॉइड जवळजवळ साधंच. रॅम २ जीबी, हे आधीच सांगतो, नंतर भांडायला येऊ नका. हा नोकिया आता एचएमडी ग्लोबल या कंपनीचा आहे, मायक्रोसॉफ्टशी त्याचा संबंध नाही.

हात लहान असेल तर नोकिया. टिकवायचा असेल तर ए१.

वास्कोचा ९५०वाला
२६ ऑक्टोबर २०१७

नोकिया अँड्रॉइडवर! २०११ मध्ये विंडोजऐवजी हेच केलं असतं तर हा धागा निघालाच नसता.

डिचोलीची बाय
२७ ऑक्टोबर २०१७

काल पणजीत दोन्ही फोन हातात धरून पाहिले. दुकानात उभ्या उभ्या एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने समोरच्या विक्रेत्याला "दोन पावलं मागे" करून बघितलं. ए१ला अंगठा पुरत नाही. नोकिया ५ घेतला. २ जीबीवरून भांडायला येणार नाही, शब्द देते.

संपर्क आले. गप्पा ईमेल करून झाल्या. बँकेचं अ‍ॅप चालू झालं आणि खजिनदारांना त्यांचे ५१ रुपये मिळाले. कॅमेरा मात्र मला ७३० चाच बरा वाटतो, म्हणून तो सिमशिवाय तालमीला येणार: फोटो, व्हिडिओ, आणि आमच्या मंडळाच्या प्रॉम्प्टरच्या हातात वननोट. घरून निघताना वायफायवर पानं ताजी करून घेतली की पुरे. आमच्या प्रॉम्प्टरला चष्म्याशिवाय छापील वही दिसत नाही, अक्षर मोठं करता येतंय म्हणून तो सगळ्यांत खूश आहे.

वास्कोबाब, तुम्ही एकटे पडलात असं समजू नका, अर्धा फोन अजून तुमच्याकडेच आहे.

म्हापशेकरबाब, ७३० ची बॅटरी आता नाटकाच्या दोन अंकांपुरतीच टिकते. त्याची बीव्ही-टी५ए बॅटरी म्हापशात मिळेल का?

म्हापशेकर मोबाइलवाला
२७ ऑक्टोबर २०१७

अस्सल मिळणं कठीण. दुसरी चांगल्यातली मागवून देतो, पण लावण्याआधी सपाट काचेवर ठेवून बघायची, जरा डुलली तरी घ्यायची नाही. मागचं कव्हर उघडताना नखाने ओढू नका, चारही कडांनी सोडवा. सोमवारी या. शुक्रवारी नको, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.