कंपनीच्या ट्रकचं नुकसान झालं तर ते ड्रायव्हरच्या पगारातून कापता येतं का?

धाकला_भाऊ
नमस्कार मंडळी, माझा मोठा भाऊ चाकणला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही उगाच लफडं नको. ३२ फुटी कंटेनर चालवतो, पगार २४ हजार आणि ट्रिपचा भत्ता वेगळा. मागच्या महिन्यात भिवंडीला एका गोडाऊनमध्ये रात्री दोनच्या सुमारास गाडी वळवताना डावीकडचा पुढचा कोपरा खांबाला घासला. क्लीनर कंपनीने कधीच बंद केलेत, डावीकडचं बघायला कोणी नाही, लाईट पण नव्हता तिथे. बंपर फाटला, हेडलाईट गेला, पायरी वाकली आणि दरवाज्याला पोचा आला. आता कंपनी म्हणते ४६ हजार खर्च आला, दर महिन्याला ८ हजार कापणार. बिल मागितलं तर मुनीमने एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला बस. त्यात आधीच्या ऍडव्हान्सचे ५ हजार पण कापतायत, म्हणजे हातात काय येणार सांगा. घरी दोन पोरं शाळेत आहेत. मालकाची गाडी, मालकाचा इन्शुरन्स, मग भरायचं ड्रायव्हरने असं कुठे लिहिलंय का? की सगळीकडे असंच चालतं?

घाटावरचा
सगळीकडे असंच चालतं भाऊ, खोटं कशाला बोलू. आरसा गेला ड्रायव्हर, ताडपत्री फाटली ड्रायव्हर, डिझेल कमी भरलं ड्रायव्हर. रबर चढवलेला टायर घालून देतात आणि मे महिन्यात सोलापूर रोडला तो फुटला की म्हणतात तू हवा चेक केली नाहीस. मी पण लई वर्षं स्टेअरिंगवर काढली, आता गावाकडे आहे. कापून घेण्यापेक्षा वाईट म्हणजे तोंड उघडलं की गाडीवरून उतरवतात. काढत नाहीत, नुसतं यार्डात बसवून ठेवतात, ट्रिप नाही म्हणजे भत्ता नाही आणि ड्रायव्हरचं घर भत्त्यावरच चालतं. म्हणून बरेच जण गप भरतात. भावाला एक विचार, गाडी हलवायच्या आधी फोटो काढले होते का? जागेचे, अंधाराचे, खांबाचे. काढले असतील तर जपून ठेव म्हणावं.

लेबर_कोर्टाचा_पायरीवाला
चालतं म्हणून कायदेशीर होत नाही. आधी पगाराचा कायदा म्हणजे १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू आहे. नुकसानीबद्दलचा नियम दोन्हीकडे जवळपास तोच आहे. मालकाला कापता येतच नाही असं नाही, पण त्याला अटी आहेत आणि तिथेच बहुतेक कंपन्या अडकतात.

एक तर नुकसान थेट कामगाराच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे झालेलं पाहिजे. "गाडी तुझ्या हातात होती" एवढं पुरत नाही. रात्री दोनला, बिना क्लीनर, अंधारात वळवायला लावलं तर निष्काळजी कोण हा प्रश्न उभा राहतोच. दुसरं म्हणजे कापण्याआधी कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आधी कापलं आणि मग विचारलं, हे चालत नाही. भावाला काही नोटीस दिली का? नसेल तर तुमची केस तिथेच मजबूत झाली. आणि प्रत्यक्ष जेवढं नुकसान तेवढंच, त्यावर एक रुपया जास्त नाही. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे नुकसान नव्हे, गॅरेजचं बिल दाखवा म्हणावं. इन्शुरन्समधून पैसे आले असतील तर तेवढं मालकाचं नुकसान झालंच नाही असा मुद्दा तुम्हाला घेता येतो.

शिवाय सगळी कपात मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. ८ हजार नुकसानीचे, ५ हजार ऍडव्हान्सचे, इथेच १३ झाले आणि २४ चे निम्मे १२. पीएफ कापत असतील तर तो अजून वेगळा धरा.

दोन_गाड्यांचा_मालक
सगळे मालक चोर आणि ड्रायव्हर बिचारे असं चित्र रंगवू नका, दुसरी बाजू पण ऐका. माझ्या दोनच गाड्या, दोन्हीवर हप्ते चालू. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतार आहे, तिथे किती अपघात झालेत सगळ्यांना माहितीय, तरी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे ड्रायव्हर आहेत. न्यूट्रलला टाकली की इंजिनचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की संपलं. त्या वाचलेल्या डिझेलचं काय होतं ते पण बोलायला लावू नका. अशाने गाडी ठोकली तर मी कुणाकडे बघायचं?

आणि इन्शुरन्स इन्शुरन्स काय करता, कमर्शियल गाडीचं कारसारखं नसतं. साध्या पॉलिसीत बंपर, हेडलाईट, मडगार्ड, टायर, पेंट हे कव्हर होत नाही, गाडी पूर्ण गेली तरच. त्यासाठी आयएमटी २३ नावाचं कलम जास्त प्रीमियम भरून घ्यावं लागतं आणि ते घेतलं तरी त्या पार्टचे निम्मेच मिळतात. वर प्लॅस्टिक रबरला ५० टक्के घसारा. क्लेम टाकला की नो क्लेम बोनस गेला, पुढच्या वर्षी प्रीमियम वाढला. म्हणून लहान कामाला कोणी क्लेम टाकतच नाही. ह्या भाऊच्या केसमध्ये बंपर आणि हेडलाईटच आहे बघा.

पण ४६ हजार मलाही जास्त वाटतात. दरवाज्याचा पोचा ठोकून काढला तर एवढे लागत नाहीत, नवीन दरवाजा धरलेला दिसतोय. आणि बिल न दाखवता कापणं चूकच, मी स्वतः बिल ड्रायव्हरच्या हातात देतो.

लेबर_कोर्टाचा_पायरीवाला
मालक साहेब न्यूट्रलचं उदाहरण बरोबर दिलंत, तो निष्काळजीपणाच. तिथे नोटीस द्या, त्याचं ऐका, मग कापा, कायदा आडवा येत नाही. पण नो क्लेम बोनस वाचवायचा हा तुमचा धंद्याचा हिशोब, त्याची किंमत ड्रायव्हरच्या पगारातून काढू नका. आयएमटी २३ न घेणं पण तसंच, प्रीमियम तुम्ही वाचवलात.

धाकला_भाऊ
सगळ्यांचे आभार, एवढं डिटेल कोणी सांगितलं नव्हतं. नोटीस वगैरे काही नाही. भावाला विचारलं, फोटो आहेत त्याच्याकडे, तीन चार काढलेत, खांबाजवळचा बल्ब बंद दिसतोय त्यात. पण एक प्रॉब्लेम आहे, कंपनीने दुसऱ्याच दिवशी त्याची एका कागदावर सही घेतली, नुकसान माझ्यामुळे झालं आणि पगारातून कापायला माझी हरकत नाही असं. त्याला वाटलं नेहमीचा फॉर्म आहे. आणि लायसन्स पण जमा करून घेतलंय ऑफिसमध्ये, पैसे फिटेपर्यंत देणार नाही म्हणे.

घाटावरचा
लायसन्स ठेवून घेणं ही जुनी खोड आहे त्यांची, म्हणजे ड्रायव्हर दुसरीकडे जाऊ शकत नाही. डिजीलॉकरवर काढून घे म्हणावं आजच, आरटीओला चालतं ते. आणि लायसन्स नाही तर गाडी कशी चालवू असं व्हॉट्सऍपवर सुपरवायझरला लिहून विचार, फोनवर नाही. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही.

लेबर_कोर्टाचा_पायरीवाला
सहीने घाबरू नका. कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देतो असा करार वेतन संहितेत रद्दबातल धरलाय. चूक माझी हे वाक्य मात्र ते तुमच्याविरुद्ध वापरणार, म्हणून सही कुठल्या परिस्थितीत, कोणासमोर आणि वाचू न देता घेतली हे भावाने आत्ताच तारखेसकट लिहून ठेवावं.

पुढे काय करायचं तर आधी कंपनीला एक साधं पत्र किंवा ईमेल: गॅरेजचं बिल द्या, क्लेम केला का सांगा, माझं म्हणणं ऐकल्याशिवाय कपात करू नका, लायसन्स परत करा. भांडणाची भाषा नको, भावाला तिथेच काम करायचंय. पगार स्लिप आणि बँकेची एंट्री जपून ठेवा. ऐकलं नाहीच तर कामगार आयुक्त कार्यालयात क्लेम लावता येतो, आता त्याला तीन वर्षांची मुदत आहे, पूर्वी बारा महिनेच होती. बेकायदा कपातीचा क्लेम असेल तर पैसे बरोबर दिले हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते, ड्रायव्हरवर नाही. युनियनलाही त्याच्या वतीने क्लेम लावता येतो, म्हणजे एकट्याचं नाव पुढे येत नाही. यार्डात बसवायची भीती आहे ना, त्यासाठी हा रस्ता बरा.

दोन_गाड्यांचा_मालक
आयुक्ताकडे जायच्या आधी एकदा मालकाला भेटा, मुनीमला नाही. चार पाच गाड्यांच्या वर गेलं की बऱ्याच ठिकाणी मालकाला माहितीच नसतं मुनीम किती कापतो आणि गॅरेजवाल्याकडून किती खातो. भावाला सांगा कुठल्या गॅरेजला गाडी लागली होती तिथे स्वतः जाऊन विचारायचं, दरवाजा बदलला का ठोकला. तिथला डेंटिंगवाला पोरगा खरं सांगतो.

धाकला_भाऊ
गॅरेज मोशीला आहे, रविवारी जातो त्याच्याबरोबर. पत्राचा मसुदा इथे टाकतो उद्या, जरा बघून सांगा.